पेन्शन घेऊन गावी येणाऱ्या हवालदारास

राम राम हवालदार,

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला तो कसा समजला हे तुम्हाला कळेल. तुम्ही पारनेर तालुक्यातले. तोफखान्यात चोवीस वर्षं काढलीत, पुढच्या मार्चअखेरीस घरी येताय. सिक्युरिटीची नोकरी धरायची नाही, गावासाठी काहीतरी करायचं असं ठरवलंय. राळेगणसिद्धी तुमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे लहानपणापासून अण्णा हजारेंचं नाव कानावर. तुम्ही विचारलंय, ‘अण्णांनी फौजेतून येऊन गाव उभं केलं, तसं आज करता येईल का? सुरुवात कशानं करू, दारूबंदी, पाणी की पोरांची भरती अकादमी? आणि सरपंचकीला उभं राहू का?’

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला. सुभेदार म्हणून बाहेर पडून माण तालुक्यातल्या माझ्या गावी आलो त्याला आता वीस वर्षं होतील. या वीस वर्षांत मी निम्म्या गोष्टी चुकीच्या केल्या. त्यामुळे उत्तर लांबेल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं, ते आधी उरकतो. सरपंचकीला पहिली पाच वर्षं उभं राहू नका. उभं राहिलात की तुम्ही एका पार्टीचे झालात, आणि उरलेलं अर्धं गाव तुम्ही पाणी अडवायला खणलेल्या चरात पाणी मुरलं तरी ते मुरलं नाही असंच म्हणेल.

आता अण्णांचं. रामलीला मैदान, लोकपाल, २०११ चं उपोषण हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. तुमच्या कामाचे अण्णा ते नव्हेत. तुम्हाला बघायचेत ते १९७५ सालचे, ट्रक ड्रायव्हरची नोकरी संपवून गावात उतरलेले. भिंगारला जन्म, पुढे घरची ओढाताण, मुंबईत दादरला फुलं विकून दिवस काढलेले, सातवीपर्यंतची शाळा, मग फौज. १९६५ च्या लढाईत खेमकरण भागात आजूबाजूचे गेले आणि हा माणूस वाचला. उरलेलं आयुष्य आपलं नाही, ते लोकांचं, असं तिथंच मनाशी धरलं. त्याच्याही आधी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर घेतलेलं विवेकानंदांचं छोटं पुस्तक डोक्यात होतंच. हे सगळं पुष्कळदा लिहून आलंय. पण त्या गोष्टीतला एक बारकावा लोक भरभर ओलांडून जातात. ठरल्यावर त्यांनी लगेच राजीनामा दिला नाही. पेन्शनला पात्र होईपर्यंत नोकरी केली, तीही कितीतरी वर्षं. का, तर गावी गेल्यावर आपल्या दोन घासांसाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये.

मला विचाराल तर राळेगणच्या गोष्टीची किल्ली तिथंच आहे. फौजेची शिस्त, हुकूम, धडाडी हे सगळं नंतरचं. पेन्शन असलेला माणूस गावात आला की त्याला गावाकडून काही नको असतं. सोसायटीचं कर्ज नको, ठेका नको, रेशनचं दुकान नको. आपल्या गावांत असा माणूस फार दुर्मीळ. पुढाऱ्याला मत हवं असतं, ठेकेदाराला बिल, संस्थेच्या कार्यकर्त्याला अहवाल हवा असतो. तुम्हाला काहीच नको, हे गावाला पटायला दोन-तीन वर्षं लागतात. पण एकदा पटलं की मग तुम्ही जे म्हणाल ते लोक निदान ऐकून तरी घेतात. तुमची फीत आणि तुमचा हुद्दा यांचा गावात उपयोग शून्य. माझ्याकडे गावातले सगळे ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतात. मी आयुष्यात कधी मेजर नव्हतो. आमच्याकडे शिपाई म्हणून घरी आलेलासुद्धा मेजरच. म्हणजे त्या शब्दाला गावात किती वजन आहे ते समजून घ्या.

मी आलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या ग्रामसभेला मी ब्लेझर घालून, पदकं लावून गेलो. हातात गावाचा नकाशा, त्यावर लाल-निळ्या पेनानं आखलेले बंधारे. सव्वा तास उभा राहून बोललो. नोकरीत पाहिलेल्या ठिकाणांचे दाखलेही दिले. संपल्यावर समोर बसलेले एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, ‘मेजर, आर्डर वाचून झाली आसंल तर च्या सांगा आता.’ सगळी सभा हसली. मीही हसलो, पण घरी येऊन दोन दिवस बाहेर पडलो नाही.

अण्णांनी सभा घेतली नव्हती. गावात यादवबाबांचं देऊळ होतं, पडकं. त्याची लाकडंसुद्धा दारूच्या भट्ट्यांत जळायला गेली होती, एवढी त्या काळी राळेगणात भट्ट्यांची चलती. अण्णांनी स्वतःजवळची पुंजी काढून त्या देवळाचं काम सुरू केलं आणि तिथंच राहायला गेले. आधी कुणाला काही मागितलं नाही, काही सांगितलंही नाही. माणूस स्वतःचे पैसे घालून देऊळ बांधतोय म्हटल्यावर पोरं येऊन दगड उचलायला लागली. त्यातून तरुण मंडळ झालं आणि त्या मंडळाच्या जोरावर पुढची कामं. देवळाच्या जागी दुसरं काही असतं तरी चाललं असतं. पण ते सगळ्यांचं होतं, ते डोळ्यांना दिसत होतं आणि त्यात स्वतःचा पैसा गेला होता.

तुमच्या गावात आज देवळं चकचकीत असतील. मग तुमचं ‘देऊळ’ कोणतं? माझं मला योगायोगानं सापडलं.

ब्लेझरच्या प्रकरणानंतर साधारण महिन्याभरानं शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी आल्या. नवरा फौजेत होता, पेन्शनीत येऊन वारला, त्याला तीन वर्षं झालेली. त्यांना फॅमिली पेन्शन सुरूच झाली नव्हती. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक त्यांनी पदराआडून काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली, त्यात तंबाखूचा वास. मी ते चुलीजवळ ठेवून हळूहळू सोडवलं. घोळ एवढाच होता की, लग्न झाल्यावर युनिटनं नोंदीची जी पार्ट टू ऑर्डर काढायची त्यात बायकोचं नाव एक होतं, बँकेच्या कागदावर त्याच नावापुढे ‘बाई’ लागलेलं, आणि मतदार ओळखपत्रावर जन्मतारखेच्या जागी नुसतं वय. तिन्ही कागदांवरची बाई एकच आहे हे कुणाला पटेना. त्यांनी खेटे घालून घालून नाद सोडला होता. लोकांच्या बांधावर खुरपायला जात होत्या.

ते काम चौदा महिने चाललं. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पत्रं. एका कार्यालयात तर फाईल ‘सापडत नाही’ म्हणून चार महिने गेले. शेवटी थकबाकीसकट पेन्शन जमा झाली. मावशींनी पेढे वाटले नाहीत, त्यांना ते सुचलंही नसेल. पण पुढच्या आठवड्यात त्यांचे दीर माझ्या दारात आले. हे तेच गृहस्थ, ज्यांनी माझ्या चराला सर्वांत मोठ्यानं विरोध केला होता, कारण चर त्यांच्या पडीक माळावरून जात होता. म्हणाले, ‘मेजर, तो माळ घ्या खणायला. दगडं काढाय ट्रॅक्टर देतो.’

म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, पहिलं वर्ष पाणी नको, दारू नको, झाडं नकोत. आजूबाजूच्या पाच-सात गावांत किती माजी सैनिक, किती वीरनारी, किती म्हातारे आईबाप आहेत त्यांची वही करा. कुणाची पेन्शन अडलीय, कुणाचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचाराचं, कार्ड झालेलं नाही, कुणाला ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाईन यंत्रणेवर हयातीचा दाखला भरता येत नाही म्हणून पेन्शन थांबलीय, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती सैनिक कल्याण विभागातून मिळू शकते पण अर्जच गेलेला नाही. नोव्हेंबर आला की माझ्या ओसरीवर आजही रांग लागते, बोटांचे ठसे उठत नाहीत म्हणून वैतागलेल्या म्हाताऱ्यांची. ज्यांनी जन्मभर खुरपं धरलं त्यांच्या अंगठ्यावर रेषा कुठून राहणार? मग डोळ्यांचं स्कॅन किंवा मोबाईलवर चेहऱ्याची ओळख. हे काम कुठल्या बातमीत येत नाही, पण याच्याइतकं गाव जोडणारं दुसरं काही मला ठाऊक नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात असं घर नाही की ज्याच्या भावकीत फौजी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावच्या ४६ जणांचं स्मारक इंग्रजांनी उभारलेलं आहे, आणि तिकडं शिरोळ तालुक्यात टाकळी गावाच्या नावातच ‘सैनिक’ आहे. या पट्ट्यात कागदांच्या पिशव्या किती असतील, विचार करा.

आता पाणी. इथं माझा जीव अडकलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

राळेगणात काय चमत्कार झाला असं लोक विचारतात. चमत्कार नाही. पारनेर काय, माण काय, पावसाच्या छायेतला मुलूख. चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही चार-पाच मोठ्या सरींत पडून निघून जाणारा. पण हिशोब करून बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. साडेचारशे मिलिमीटर पडला तर हेक्टरी ४५ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेचारशे टँकर, एका हेक्टरवर. आणि त्याच गावात मे महिन्यात टँकरची वाट बघत बायका हंडे लावून बसतात.

अण्णांना हे पटलं त्याला पुरंदर तालुक्यातल्या नायगावच्या कामाचा मोठा हात होता. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर तिथं पाणी पंचायत उभी केली. अण्णांनी ते काम बघितलं. राळेगणात आधीच एक पाझर तलाव झालेला होता, पण तो गळका. गावानं श्रमदान करून तो नीट केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. डोळ्यांना दिसलेलं पाणी म्हणजे काय हे फौजीला सांगायला नको. त्यानंतर माथ्यापासून काम सुरू झालं.

माथ्यापासून हा शब्द महत्त्वाचा, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथंच झाली. मी सॅपर. पूल बांधलेले, सुरुंग काढलेले. ओढा दिसला की मला बंधाराच दिसायचा. मुंबईत असलेल्या आमच्या गावकऱ्यांकडून वर्गणी गोळा केली आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला सिमेंटचा देखणा बंधारा बांधला. पहिल्या पावसाळ्यात तुडुंब भरला. नारळ फुटले, फोटो निघाले, मुंबईकर एसटीनं बघायला आले. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या उघड्या माळाची सगळी माती वाहून त्यात येऊन बसली. तिसऱ्या वर्षी त्यात कंबरेइतका गाळ आणि वर वीतभर पाणी. म्हशी बसायला उत्तम जागा झाली. ते म्हातारबा, चहावाले, तिथून जाताना एकदा नुसते थांबले, बघितलं आणि काही न बोलता पुढे गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खरा क्रम उलटा असतो. पहिल्यांदा डोंगरमाथा आणि माळ, तिथं सलग समतल चर. मग घळींमध्ये अनघड दगडांचे बांध, त्याच्या खाली शेतांची बांधबंदिस्ती, मग मातीचे नालाबांध आणि सगळ्यात शेवटी, ओढ्यात, सिमेंटचा बंधारा. वरून धावत येणारं पाणी खाली येईपर्यंत चालायला लागलं पाहिजे, आमच्याकडे असंच म्हणतात. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर काढला तर एका मीटरच्या लांबीत १८० लिटर पाणी थांबतं, एका सरीत. पोरानं दुपारपर्यंत पाच मीटर खणला तर त्यानं एका सरीचं नऊशे लिटर पाणी जमिनीत घातलं. हा हिशोब मी श्रमदानाच्या दिवशी फळ्यावर लिहितो. ‘पाणी अडवा पाणी जिरवा’ म्हणण्यापेक्षा नऊशे लिटर ऐकून पोरं जास्त खणतात.

चर समतल पाहिजे, उतारावर नाही, ही त्यातली मेख. त्यासाठी मशीन लागत नाही. दोन सात-आठ फुटी काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे एक आडवी पट्टी, आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड टांगायचा. इंग्रजी ए सारखी चौकट होते. एकदा सपाट जागेवर दगडाची दोरी आडव्या पट्टीवर कुठं येते ती खूण करून घेतली की झालं. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, दोरी खुणेवर आली की तिथं फक्की टाकायची. आमच्या सातवीच्या पोरींनी सगळा माळ असा आखलाय. मी नंतर डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून तपासला, बोट-दोन बोटांचा फरक. अभियंता मागवला असता तर त्याच्या जेवणाचा खर्च जास्त झाला असता.

मातीच्या बांधाबद्दल एकच सांगतो. पोटात काळी माती, बाहेरून मुरूम आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मोठा. बांध फुटतो तो बहुतेक वेळा सांडवा लहान ठेवल्यामुळे. दगडांचा पैसा वाचवायला लोक सांडव्यावरच हात मारतात.

पाणी आलं की मग खरी भांडणं सुरू होतात, हेही लिहून ठेवा. दुष्काळात गाव एक असतं. राळेगणात ऊस लावायचा नाही असं ठरवावं लागलं ते याच्यासाठी. पलीकडे हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी पिकासाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी गावात पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पाडली. पोपटराव काही फौजी नाहीत, तरी त्यांचं काम मी फौजींना आवर्जून बघायला सांगतो. तिथं हुकूम नाही, गणित आहे. आमच्या गावात पाणी आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिघांनी ऊस लावला. त्यातला एक माझा चुलतभाऊ. त्याच्याशी मी दीड वर्ष बोललो नाही, आणि ऊस काही त्यानं काढला नाही.

राळेगणची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. ऐकायला सोपी. चराईबंदीबद्दल मात्र मला तुम्हाला थांबवायचंय. मी गायरानात दोन हजार रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं, पोरांना पाळीपाळीनं पहाऱ्यावर ठेवलं. अगदी लष्करी. तीन महिन्यांत तार कापलेली आणि शेळ्या आत. आम्ही रागावलो, शेळ्या कोंडवाड्यात घातल्या. मग एके संध्याकाळी एक भूमिहीन बाई दारात आल्या, सुटका करून घ्यायला. चार शेळ्या होत्या त्यांच्याकडे. म्हणाल्या, ‘तुमची झाडं मोठी होत्याल तवा होत्याल, माझी पोरं आज मोठी व्हायलीत.’ ज्याच्याकडे शेत आहे, त्याच्या गायीला बांधावर चारा आहे. चराईबंदीचा सगळा भार पडतो तो ज्याच्याकडे बांधच नाही त्याच्यावर. त्यानंतर आम्ही नियम बदलला. गायरानातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन घरांचा, तोही फुकट. शेळ्या बांधून पाळायच्या. रोपं त्यानंतर जगली. त्या बाईच आता राखणीला असतात आणि माझ्यापेक्षा कडक आहेत.

राळेगणातही नुसत्या बंद्या नव्हत्या, हे विसरू नका. धान्यबँक होती. ज्याच्या घरात उरलं त्यानं द्यायचं, ज्याला कमी पडलं त्यानं उसनं न्यायचं आणि पीक आल्यावर थोडं वर घालून परत करायचं. कर्जात बुडालेल्या दलित कुटुंबांच्या जमिनी गावानं श्रमदानानं कसून त्यांचं कर्ज फेडलं. शाळेत नापास झालेल्या, इतरांनी काढून टाकलेल्या मुलांना मुद्दाम घेतलं आणि पहाटे उठवून पळायला लावलं. घेण्याच्या जोडीला देणंही होतं, म्हणून बंद्या टिकल्या.

दारूबद्दल मात्र मी अण्णांच्या मागे जाणार नाही. सुरुवातीच्या काळात ऐकत नसलेल्या दारुड्यांना खांबाला बांधून फौजी पट्ट्यानं मारलं गेलं, हे काही लपून राहिलेलं नाही आणि अण्णांनीही कधी लपवलं नाही. भट्ट्या त्यामुळे बंद झाल्या असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. आज तसं केलंत तर तुमच्यावर गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे, बांधला कोण जातो? पाटलाच्या घरातला पिणारा कधी खांबाला बांधलेला मी तरी ऐकला नाही. राळेगणच्या कामावर एका माणसाच्या शब्दावर चालणारं गाव अशी जी टीका होते ती पूर्णपणे उडवून लावण्यासारखी नाही. आपण फौजी लोकांनी तर ती दोनदा वाचावी, कारण हुकूम सोडायची खोड आपल्यालाच असते.

कायद्याचा रस्ता आहे. परवानाधारक दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज द्यायचा, मग गुप्त मतदान होतं. उभी बाटली, आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या. म्हणून माहेरी गेलेल्या, पुण्याला मजुरीला गेलेल्या बायकांना त्या दिवशी आणावं लागतं. आमच्या गावात आम्ही पहिल्यांदा हरलो ते अकरा मतांनी, आणि यादीतल्या तीस-चाळीस जणी ऊसतोडीला गेलेल्या होत्या. दुसऱ्या वेळी तोडीच्या आधीची तारीख मागून घेतली.

पण या सगळ्याच्या आधी एक अवघड गोष्ट आहे, ती तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. फौजी कँटीनची बाटली. दर महिन्याचा कोटा तुम्हाला मिळणार. गावात येऊन तो विकणारे आपलेच बांधव आहेत, तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. लग्नात, पालखीत, निवडणुकीत ‘मेजर, रमची सोय होईल का?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो. मी पहिली दोन वर्षं नातेवाइकांना बाटल्या दिल्या आणि त्याच तोंडानं दारूबंदीवर बोललो. एका बाईनं भर सभेत विचारलं, ‘माझ्या नवऱ्याच्या हातातली बाटली कुठनं आली, मेजर?’ बाटलीवर शिक्का होता. त्यानंतर मी कोटा उचलणंच सोडलं. तुम्ही प्या, न प्या, तो तुमचा प्रश्न. पण तुमच्या कार्डावरची बाटली तुमच्या उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका.

भरती अकादमीचं थोडक्यात. पोरांना पहाटे पळवा, जरूर पळवा. सोळाशे मीटर, बीमवर दहा पुलअप, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, हे शिकवायला तुम्हाला काही लागत नाही, ग्रामपंचायतीचा माळ पुरतो. फी घेऊ नका. फी घेतलीत की पेन्शनीची ताकद तिथंच संपली, तुम्हीही गावाकडून काहीतरी घेणारे झालात. आणि अग्निवीर आल्यापासून हिशोब बदललाय. चार वर्षांनी चारपैकी तीन पोरं घरी येणार, पेन्शनीशिवाय. त्यांच्याशी आज खरं बोला. मी पळायला येणाऱ्या प्रत्येकाकडून आयटीआयचा नाहीतर पदवीचा फॉर्म भरून घेतो, मग पायात बूट. सत्तरातले सहा भरती झाले तर चौसष्टांचं काय, याची वही माझ्याकडे आहे. त्यातलेच दोघं आज आमची चराची टोळी चालवतात.

आणि एकट्यानं नको असेल, पलटणीतच राहून काम करायचं असेल, तर तोही मार्ग आहे. टेरिटोरियल आर्मीच्या इकॉलॉजिकल बटालियन माजी सैनिकांच्याच असतात. पहिली १९८२ साली डेहराडूनला उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले मसुरीचे डोंगर तिनं हिरवे केले. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटशी संलग्न अशी पलटण २०१७ साली सुरू झाली. जागा निघतात तेव्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळतं. ज्याला गावकी झेपत नाही त्यानं खुशाल तिथं जावं, त्यात कमीपणा नाही.

तुमच्या घरच्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून मीच विचारतो. अण्णा अविवाहित, देवळात राहायचे. तुम्ही तसे नाही. चोवीस वर्षं त्या बाईनं एकटीनं घर, सासू-सासरे, पोरांच्या शाळा सांभाळल्यात. आता तुम्ही येणार आणि दुसऱ्याच दिवसापासून दिवसभर गावचे होणार, हे तिला विचारलंत का? माझ्या घरी पहिल्या वर्षी यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही. शेवटी वाटणी ठरली, सकाळी अकरापर्यंत शेत आणि घर, मग गाव, आणि रविवार तिचा. श्रमदान शनिवारी असतं ते त्यामुळे.

येण्यापूर्वी युनिटमधून दोन कामं करून घ्या. पत्नीचं आणि मुलांचं नाव, जन्मतारीख, आधारवर आहे अगदी तसंच पार्ट टू ऑर्डरमध्ये आलंय का बघा. एक काना-मात्रा इकडेतिकडे असेल तर आत्ताच दुरुस्त करा. युनिटच्या क्लार्कसमोर बसून ते एका दुपारचं काम आहे, गेटच्या बाहेर पडलात की तेच चौदा महिन्यांचं. आणि तुमच्या बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीत, आपल्या जिल्ह्याची जी पोरं आहेत त्यांचीही तपासा, त्यांच्याकडून नावं-गावं लिहून आणा. वहीची पहिली पानं तिथंच भरतील.